कुंताबाईंच्या पेटीतली पोपटी साडी

पवनारच्या कुंताबाई वर्ध्याच्या बाजारात भाजी विकतात. गिऱ्हाईक वांगी निवडू लागलं की त्या वांग्यांकडे बघत नाहीत, गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघतात. स्वतः दुसऱ्याकडून मिरची घ्यायची झाली तर वरची मिरची बाजूला सारून पोत्याच्या तळाशी हात घालतात. शेजारी बसणारी कोकिळा त्यांना म्हणते, "बाई, तू तं देवाच्या प्रसादातबी खडा शोधशीन." त्यावर कुंताबाईंचं उत्तर ठरलेलं असतं, "सापडते ना पण!"

अशी ही बाई एकदा स्वतःच संशयात सापडली. चौकशीचं काम माझ्याकडे आलं होतं, त्यामुळे ती हकिगत मला पहिल्यापासून शेवटपर्यंत माहीत आहे.

आमचं आपत्ती साहाय्य मंडळ ही देशभर शाखा असलेली स्वयंसेवकांची संस्था. पूर, आग, वादळ, मोठा अपघात असं काही झालं की आम्ही जातो. पगार कोणालाच नाही. मी सहकारी सोसायटीच्या कार्यालयात नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी मंडळाच्या वर्धा शाखेचं गोदाम सांभाळतो. कुंताबाई आमच्याकडे आल्या त्या भाजी घेऊन. पवनारच्या समाजमंदिरात प्रथमोपचाराचा वर्ग होता आणि जेवणासाठी टमाटर, कोथिंबीर त्यांच्याकडून मागवली होती. टोपली ठेवून त्या दारातच उभ्या राहिल्या. शिकवणारे गृहस्थ एका माणसाच्या दंडाला पट्टी बांधून दाखवत होते. कुंताबाई दारातून म्हणाल्या, "हे सुटन." या, तुम्ही बांधा, असं ते म्हणाले. त्यांनी गवताचा भारा आवळावा तशी पट्टी आवळली. माणसाची बोटं निळी पडू लागली, तो ओरडला, शिकवणाऱ्यांनी घाईने पट्टी सोडली आणि बाईंना चांगलंच सुनावलं. दुसरी कोणी असती तर टोपली उचलून गेली असती. या मात्र पहिल्या ओळीत जाऊन बसल्या आणि वर्ग पूर्ण करूनच उठल्या.

पुढे त्यांना मंडळाचं ओळखपत्र आणि निळं जाकीट मिळालं. ते जाकीट त्या साडीवरून घालतात. घरी आल्यावर स्वतःच्या हाताने धुतात आणि सावलीत वाळवतात, उन्हात रंग जाईल म्हणून. गावात त्यांना 'जाकिटवाल्या बाई' म्हणतात. त्यांचे यजमान पुंडलिकराव शांत स्वभावाचे आणि बोलायला तिरकस. ते एकदा मला म्हणाले, "लग्नातला शालू तिनं उंदरायले खाऊ देल्ला भाऊ. पण जाकिटाले डांबरगोळ्या!"

मंडळात आल्यावरही कुंताबाईंचा बाजारी स्वभाव गेला नाही. आपद्‌ग्रस्तांना द्यायची गाठोडी वरच्या कार्यालयातून शिवून येतात. एका गाठोड्यात ताडपत्री, चटई, बादली, भांडी, चादरी, धोतर आणि साडी असते. शिवण उसवायची नाही, गाठोडं आहे तसं कुटुंबाच्या हातात द्यायचं, असा नियम आहे. कुंताबाई उसवत. "वरतं चांगलं अन् खालतं सडकं, मले बाजाराचं ठाऊक हाय," असं म्हणत त्या आत हात घालून बादलीला तडा तर नाही ना ते बघत. मी अनेकदा हटकलं. त्या सुई-दोरा सोबतच बाळगत आणि पुन्हा शिवून ठेवत. तरी उसवलेलं गाठोडं दिसलं की माझ्या मनात प्रश्न उभा राहायचाच. माल सांभाळणाऱ्याने असा प्रश्न मनात येऊ दिलाच पाहिजे, असं माझं मत आहे.

त्या वर्षी आषाढात समुद्रपूर तालुक्यात नाल्यांना मोठा पूर आला. नाल्याकाठच्या एका टोल्यावर, म्हणजे बहुतेक गोंड वस्तीच्या पाड्यावर, मातीच्या भिंती बसल्या आणि घरांत गाळ भरला. माणसं वेळेवर शाळेत हलवल्यामुळे वाचली. एक तेवढा सापडला नाही. जंगू गावची गुरं राखायचा. पाणी वाढताना तो पलीकडच्या पडीकातून गुरं आणायला गेला. गुरं पोहत आली, जंगू आला नाही.

शोध बराच झाला, पण काही हाती लागलं नाही. मग लोक बोलू लागले. कोणी म्हणालं, वाहून गेला. कोणी म्हणालं, त्या दिवशी सकाळी बायकोशी भांडला होता, पुराचा मोका साधून तेलंगणात मिरची तोडायला निघून गेला. त्याची बायको रामबाई कोणाशीच बोलत नव्हती. आमच्या मंडळाने जंगूचा फोटो आणि वर्णन नदीच्या खालच्या अंगाच्या जिल्ह्यांतल्या शाखांकडे पाठवलं. दवाखान्यांतही चौकशी सुरू ठेवली.

आम्ही टोल्यावर गाठोडी वाटली तेव्हा कुंताबाई सोबत होत्या. रामबाई शाळेच्या व्हरांड्यातून उठायला तयार नव्हत्या, म्हणून त्यांचं गाठोडं कुंताबाईंनीच उचलून त्यांच्यापर्यंत नेलं. त्यात विशेष असं मला तेव्हा काही वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात एका रविवारी सचिन गोदामात आला. सचिन एरवी शाळेची व्हॅन चालवतो आणि गरज पडेल तेव्हा आमची गाडी. माणूस कामाचा, पण जीभ धारदार.

"काका, या वर्षी गाठोड्यात साडी कोणती होती?"

"पोपटी. पांढऱ्या बारीक फुलांची. सगळ्या एकाच छापाच्या होत्या."

"म्हणजे दुकानातून घेतलेली नसन ना तशी?"

"काय ते सरळ बोल."

"काल कुंताबाईले घरी सोडाले गेलतो. पुंडलिकराव मले चहा देत होते अन् बाई पेटीतून जाकिटाच्या गोळ्या काढत होती. पेटीत पोपटी साडी! पांढऱ्या फुलायची. घडी मोडेल नाई. मी पाह्यली तशी बाईनं झाकण धाडकन लावलं. बोट चेपलं तिचं, तरी वरडली नाई." तो हसला. "दुसऱ्याच्या बादलीत तडा शोधते!"

त्याला मी हसू दिलं नाही. पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखीही नव्हती. मी ती शाखेचे सचिव मधुकरराव यांच्या कानावर घातली. मधुकरराव नियमाचे पक्के. ते म्हणाले, "मदतीच्या मालातला दोराही स्वयंसेवकाच्या घरी दिसता कामा नये. उद्या हे टोल्यावर कळलं तर परत कोणी आपल्याला दारात उभं करणार नाही. तुम्ही चौकशी करा. खरं निघालं तर जाकीट आणि ओळखपत्र जमा करून घ्या. तोवर बाईंना गाडीत घेऊ नका."

मी पवनारला गेलो. थेट विषय काढण्यापेक्षा आधी घर बघावं, म्हणून वांगी घ्यायला आल्याचं सांगितलं. कुंताबाई अंगणात पालकाच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"वांग्यासाठी वर्ध्याहून पवनारले आले? बाजारातले वांगे संपले काय भाऊ?"

"ताजी हवी होती."

"अन् पिशवी?"

पिशवी मी आणली नव्हती. पुंडलिकराव खाटेवर बसून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "खिशात नेतीन थे. तू दे."

कुंताबाई हसल्या नाहीत. जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "सचिननं सांगतलं ना? सांगनच थो. पेटीत साडी हाय. मंडळाचीच हाय. पुढे विचारा."

"ती तुमच्याकडे कशी?"

"ठेवली."

"कोणाची?"

"एका बाईची."

"कोणत्या बाईची? आणि का ठेवली?"

"थे सांगता येत नाई."

मी त्यांना मधुकररावांचं म्हणणं सांगितलं. कारण दिलं नाही तर जाकीट जाईल, हेही स्पष्ट सांगितलं. त्यांचा हात पालकाच्या दोऱ्यावर तसाच थांबला. पेटी घरात भिंतीशी होती आणि दारातून दिसत होती. त्या तिकडे बघत राहिल्या.

"कुंताबाई, तुम्ही विकली असती तर पेटीत राहिली नसती, हे मला कळतं. पण माझ्या कळण्याचा उपयोग नाही. तुम्ही बोला."

"बोलली का तेच होते जे मले होऊ द्याचं नाई." त्या उठल्या. "वांगे घ्याचे तं घ्या. माह्यावर भरोसा नसन तं तळातले पाहून घ्या."

निघताना पुंडलिकराव फाटकापर्यंत आले. हळूच म्हणाले, "तिनं नेसली नाई भाऊ, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. मले तं पेटीले हातबी लावू देत नाई. पण काऊन ठेवली, थे मलेबी सांगून नाई राह्यली."

नवऱ्यालाही न सांगता पेटीत ठेवलेली वस्तू. मी वांगी रुमालात बांधून परत आलो आणि संशय आणखी घट्ट झाला. प्रामाणिक माणूस कारण सांगून मोकळा होतो, असाच माझा आजवरचा अनुभव होता.

पुढच्या आठवड्यात टोल्यावर जास्तीच्या ताडपत्र्या द्यायला आमची गाडी गेली. कुंताबाई नव्हत्या. गाडी हातपंपाजवळ थांबली तेव्हा तिथे पाणी भरणाऱ्या झाडून सगळ्या बायका पोपटी साडीत होत्या. पुरात कपडे गेलेले, मिळाली ती नवी साडी प्रत्येकीने नेसली होती. सचिन म्हणाला, "शाळेचा गणवेश लागू झाला वाट्टे." एक म्हातारी तिथूनच ओरडली, "हसतं काय रे पोट्ट्या! परवा माह्या बुढ्यानं सुनेलेच मी समजून चहा मागतला." सगळ्या हसल्या.

तेवढ्यात मला रामबाई दिसल्या. त्या पंपापासून दूर, शाळेच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगावर विटकी तपकिरी साडी होती. पुराच्या दिवशी नेसलेली तीच. पदराला गाळाचा डाग तसाच होता.

मी जवळ गेलो. आधी जंगूबद्दल सांगितलं, अजून कुठूनही निरोप नाही, शोध चालू आहे. त्यांनी मान हलवली. मग मी विचारलं, "रामबाई, गाठोड्यातली साडी तुम्ही नेसत नाही?"

"काऊन विचारता?" त्यांची नजर एकदम कडक झाली.

"सहज."

"सहज कोणी नाई विचारत. तुमाले ठाऊक नाई काय?"

"काय ठाऊक?"

"माह्या गाठोड्यात साडी नव्हती. बादली होती, चटई होती, चादरी होत्या. धोतरबी होतं. साडी नव्हती. शिवण उसवून परत शिवेल होती, मी पाह्यली."

"मग तेव्हाच का सांगितलं नाही?"

त्यांनी हातपंपाकडे पाहिलं. "काय सांगू? सगळ्यायले हिरवी साडी. मले एकटीलेच नाई. मी समजली. तुमी लोकायनं ठरवूनच टाकलं, का इचा धनी मेला, इले काहाले हिरवी. तुमी सरकारी लोक, तुमाले कळलं असन अन् मले सांगत नसान. मी तवापासून रोज वाट पाहून राह्यली, का आज कोणी सांगाले येते, उद्या येते."

आम्ही सरकारी नाही, आम्हाला काही कळलेलं नाही, साडी मुद्दाम काढलेली नाही, असं मी पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यांचा विश्वास बसल्याचं दिसलं नाही. बसावा कसा? साडी काढलेली होतीच, आणि कोणी काढली ते आता मला कळलं होतं. गाठोडं नेणारी बाई एकच होती, आणि शिवणारीही तीच.

गाडीत बसल्यावर सचिन म्हणाला, "काका, चोरीच कराची होती तं दुसरं घर नव्हतं काय? जिचा माणूस सापडून नाई राह्यला तिच्याच घरची?"

मधुकररावांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आता विचारायचं काय राहिलं? जाकीट आणा." मी म्हटलं, दोघींना समोरासमोर उभं केल्याशिवाय मी जाकीट मागणार नाही. एका बाजूचं ऐकून निकाल द्यायला मला आवडत नाही. त्यांनी मान्य केलं, पण नाराजीनेच.

मी कुंताबाईंना फोन केला आणि रामबाई काय समजून बसल्या आहेत ते शब्दशः सांगितलं. पलीकडून पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"भाऊ, फोन कटला काय?" त्यांनीच विचारलं.

"नाही."

"थे असं समजली?"

"हो."

"मी साडी घेऊन येतो. मले न्या तिथी. अन् जाकीटबी आणतो संग, म्हणजे तुमाले परत पवनारले वांगे घ्याले येणं नाई पडणार."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. कुंताबाई मागच्या बाकावर बसल्या. मांडीवर घडी केलेलं जाकीट आणि त्यावर पोपटी साडी. सचिन आरशातून त्यांच्याकडे बघत होता. जामच्या चौकाजवळ त्या म्हणाल्या, "रस्ता पाह्य सचिन. साडी पळून नाई जात."

टोल्यावर पोचल्यावर त्यांनी रामबाईंना आडोशाला यायला सांगितलं. रामबाई जागच्या हलल्या नाहीत. "जे सांगाचं थे सगळ्यायच्या पुढे सांगा. सगळ्यायच्या पुढे मले वगळलं." तोवर पाण्याच्या गुंड्या घेतलेल्या पोपटी साड्या आमच्याभोवती जमल्या होत्या.

कुंताबाईंनी साडी पुढे केली. "हे साडी तुही. मी काढली."

बायकांत कुजबुज झाली. कोणीतरी "चोट्टी" म्हटलेलं मी स्पष्ट ऐकलं.

"चोट्टी म्हणा, पण आंधी आयका," कुंताबाई म्हणाल्या. "त्या दिवशी आमी तुह्याकडे आलो कसे? तोंडं पाडून. हातात कुंकू नाई, नारळ नाई. घरचा माणूस सापडून नाई राह्यला, अन् आमी तुह्यापुढे नवं लुगडं करतो. याले आमच्यात काय म्हणतात ठाऊक हाय ना? दुखवटा म्हणतात. माणूस गेल्यावर सोयरे लुगडं घेऊन येतात, अन् बाईनं थे घेतलं, म्हणजे माणूस गेला हे तिनं मानलं. मी तुले ते मानाले लावू? म्हून काढली. म्हटलं जंगू आला का आणून देईन, कुंकू लावून देईन."

"तं मले सांगतलं काऊन नाई?"

"सांगाले तोंड उघडलं का 'मेला' हा शब्द येते बाई. तुह्या दारात मी थो शब्द कसा काढू?"

मग त्यांनी आपल्या भावाचं सांगितलं. हे पुंडलिकरावांखेरीज आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. सेलूकडचं त्यांचं माहेर. थोरला भाऊ ट्रकवर गेला आणि त्याचा पत्ता लागेना. कुठल्याशा अपघाताची बातमी आली आणि घरच्यांनी ती त्याचीच धरली. सोयरे दुखवटा घेऊन आले. वहिनी घेत नव्हती. मोठ्यांनी समजूत घातली, हातात लुगडं ठेवलं, बांगड्या उतरवल्या. "पुढच्या पोळ्याले माहा भाऊ अंगणात उभा. दुसऱ्या मुलखात दवाखान्यात पडून होता. बायकोचं कपाळ पाह्यलं अन् विचारते, 'कोण मेलं आपल्या घरी?'" कुंताबाईंनी पदराने तोंड पुसलं. "वहिनीनं त्यानंतर कुंकू लावलं, बांगड्या भरल्या. पण तिचं मन काई भरलं नाई. म्हणे, मीच त्यायले मारून टाकलतं."

सचिन गाडीच्या चाकाकडे बघत होता. एवढं ऐकूनही मला वाटत होतं, की हे कारण खरं असलं तरी साडी पेटीत ठेवायचा अधिकार त्यांना नव्हता. रामबाईंनाही तेच म्हणायचं होतं, फक्त त्यांनी ते फार चांगलं म्हटलं.

"तुमच्या भावाचं तुमच्यापाशी बाई. आमच्या घरी कपडा असा नाई धरत. पूर आला, सगळं गेलं, म्हून साडी देली. बस. धनी घरी नाई म्हून मी काय उघडी फिरू? एकच लुगडं धुतो, अर्धं वाळलं का नेसतो." त्यांचा आवाज चढत गेला. "तुमी मले विधवा होऊ नाई म्हून साडी काढली, अन् मी तीच साडी नाई म्हून सवा महिना विधवा होऊन बसली! भिंतीपाशी. एका शब्दानं विचारलं असतं तं?"

कुंताबाईंचं बाजारातलं ठरलेलं उत्तर तिथे चालणार नव्हतं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "चुकलं माह्यं."

रामबाईंनी साडी ओढून घेतली आणि आत गेल्या. आम्ही उभेच. मी कुंताबाईंच्या हातातल्या जाकिटाकडे पाहिलं आणि त्यांनी ते माझ्यापुढे केलं. मी घेतलं. त्या वेळी मला तेच बरोबर वाटलं. निर्णय शाखेचा होता आणि वस्तू शाखेची होती.

रामबाई बाहेर आल्या त्या पोपटी साडी नेसून. मागच्या खेपेची ती म्हातारी म्हणाली, "घ्या! झाली पलटण पूर्ण."

रामबाई स्वतःकडे आणि इतरांकडे बघत म्हणाल्या, "आता थो आला तं पंचाईत. सगळ्या सारख्याच. माह्यं घर समजून इच्याच घरी जाईन चहा प्याले."

"येऊ दे," म्हातारी म्हणाली, "मी पाजतो."

त्या हसण्यात रामबाई रडू लागल्या. पूर आल्यापासून त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं, असं बायका म्हणाल्या. कुंताबाई पुढे झाल्या नाहीत. दोन पावलं मागेच उभ्या राहिल्या. रडणं ओसरलं तेव्हा रामबाईंनी माझ्या हाताकडे बोट दाखवलं. "ते जाकीट काऊन घेतलं इचं?"

मी नियम सांगितला.

"सामान माह्यं होतं. माह्यं मले भेटलं. मी काई तक्रार लिहून देत नाई. अन् माह्या धन्याचा फोटो घेऊन हेच बाई दवाखान्या-दवाखान्यात फिरते म्हणतात. इचं जाकीट काढलं तं इले कोण आत घेईन?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. दुसरा स्वयंसेवक देता आला असता. पण ते मी दिलं नाही. जाकीट परत कुंताबाईंच्या हातात दिलं आणि मधुकररावांना काय सांगायचं त्याचा विचार करत गाडीत बसलो. मधुकरराव रागावले, मग विचारात पडले, आणि अखेर त्यांनी कुंताबाईंना ताकीद दिली: कोणाचीही कुठलीही वस्तू, त्या माणसाला विचारल्याशिवाय, रोखून ठेवायची नाही. कुंताबाईंनी ताकीद उभ्याने ऐकली. नंतर मला म्हणाल्या, "म्हणजे विचारून ठेवता येते."

जंगूचा अजून पत्ता नाही. कुंताबाई भाजी विकून झाली की फोटो घेऊन जातात, आणि दवाखान्यातल्या माणसाने 'नाही' म्हटलं तरी एकदा स्वतः वॉर्डात डोकावून येतात. रामबाईंना महिन्यातून एकदा फोन करतात. दोघी कापसाचं, तुरीचं बोलतात. जंगूचा विषय रामबाईंनी काढला तरच निघतो.

गेल्या उन्हाळ्यात सेलूच्या बाजूला एका वस्तीवर आग लागली. आम्ही गाठोडी घेऊन गेलो. कुंताबाईंनी सवयीप्रमाणे शिवण उसवली, बादली तपासली. मी हटकलं नाही, पण जवळ उभा राहिलो. एका घरचा म्हातारा भाजून नागपूरच्या दवाखान्यात होता आणि त्याची बायको पडवीत एकटीच बसली होती. कुंताबाईंनी गाठोडं तिच्यापुढे ठेवलं, मग साडी तेवढी वर काढून तिच्या शेजारी बसल्या.

"बाई, हे साडी. आत्ता घेता, का ठेवू?"

बाकी काही स्पष्ट केलं नाही. मला वाटलं, त्या बाईला प्रश्नच कळणार नाही. ती साडीकडे बघत राहिली. हात पुढे केला, परत घेतला.

"ठेवा बाई," ती म्हणाली. "थे घरी येऊ द्या."

"येतीन," कुंताबाई म्हणाल्या आणि उठल्या. गाडीपाशी येऊन त्यांनी ती साडी माझ्या हातात कोंबली.

"हे काय?"

"विचारून ठेवली. आता तुमच्या घरी ठेवा." त्यांनी डोळ्याने सचिनकडे खूण केली. "माह्या घरी थो चहा प्याले येते."